टक् वाजलं पाहिजे

सांगलीची आत्या दिवाळीत साताऱ्याला आली. गाडी फाटकाशी लावून उतरता उतरताच म्हणाली, "अरे, क्लच सोडला की टक् असं वाजायचं. ते आता वाजत नाही बघ." आम्ही सगळ्यांनी ते हसण्यावारी नेलं. गाडी नीट चालत होती, गिअर पडत होते, पेठ नाक्यापासून साताऱ्यापर्यंत हायवेला ती कुठं अडखळली नव्हती. आवाज येतो म्हणून लोक गाडी दाखवतात. आवाज येत नाही ही तक्रार घेऊन कोण येतं?

भाऊबीजेच्या दिवशी, गाडी परत निघायच्या आधी, मी सहज डोकं खाली घालून पाहिलं. क्लच पेडलच्या वरच्या अंगाला करंगळीएवढी एक स्प्रिंग एकाच टोकावर लोंबत होती. दुसऱ्या टोकाचा आकडा तुटून गेला होता. पेडल वर येत होतं खरं, पण पुरतं नाही. शेवटचं बोटभर अंतर ते आळसावल्यासारखं खालीच राहायचं, वरच्या रबरी ठोकळ्याला टेकायचं नाही. म्हणून टक् नाही. सत्तरीच्या बाईनं पायाच्या तळव्यानं आणि कानानं जे ओळखलं होतं, ते ओळखायला मला मोबाईलची बॅटरी आणि तीन दिवस लागले. आमच्या घरात सांगलीच्या वालचंद कॉलेजचे दोन इंजिनीअर आहेत, हेही इथं सांगून टाकतो. ते कॉलेज १९४७ पासून आहे, त्याचा यात काही दोष नाही.

ही पुस्तिका त्या स्प्रिंगपासून सुरू झाली. घरच्या गाडीची घरी करता येण्याजोगी किरकोळ कामं हा तिचा विषय, आणि पहिलं प्रकरण क्लच पेडलच्या स्प्रिंगचं. हस्तलिखित वाचलेल्या दोघा-तिघांनी विचारलं की पहिलं काम म्हणून ऑइल बदलणं का नाही, चाकातली हवा का नाही? ऑइल बदलायला गाडीखाली जावं लागतं, आणि काढलेलं काळं ऑइल कुठं टाकायचं हा प्रश्न उरतोच. हवा तपासणं हे काम नव्हे, ती सवय आहे. स्प्रिंगचं काम गाडी न उचलता, दार उघडं ठेवून, एका पकडीवर होतं, आणि तरी त्यात आख्ख्या क्लचशी ओळख होते. शिवाय हा बिघाड मोठा फसवा आहे. तो गाडी थांबवत नाही. त्याबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, म्हणून ही प्रस्तावना लांबली आहे.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली पकड. इंजिनच्या टोकाला फ्लायव्हील फिरतं, त्याला लागून क्लचप्लेट, आणि तिला मागून दाबून धरणारी प्रेशरप्लेट. या प्रेशरप्लेटच्या पोटात थाळीसारखी, मधोमध पाकळ्या असलेली पोलादी स्प्रिंग असते. गॅरेजमध्ये तिला डायफ्राम म्हणतात. आपण पेडल दाबलं की केबल ओढली जाते, केबल फोर्कला ओढते, फोर्क रिलीज बेअरिंगला पुढं ढकलतो, बेअरिंग पाकळ्यांवर दाबतं आणि पकड सुटते. पाय उचलला की हीच थाळी सगळं लटांबर मागं लोटते: बेअरिंग, फोर्क, केबल आणि शेवटी पेडल. म्हणजे पेडल वर येतं ते मुख्यतः पोटातल्या या दणकट स्प्रिंगमुळं. पेडलला अडकवलेल्या त्या किडकिडीत स्प्रिंगमुळं नव्हे.

मग ती किडकिडीत स्प्रिंग करते काय? ती शेवटचं बोटभर अंतर सांभाळते. जुन्या पद्धतीच्या केबल क्लचमध्ये पेडलला थोडी मोकळी चाल ठेवलेली असते. छोट्या गाड्यांत ती बहुधा १५ ते २५ मिलिमीटर असते, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात मिळतो. एवढ्या चालीत पेडल हलतं, पण आत काहीच होत नाही. बेअरिंग पाकळ्यांपासून केसभर सुटं राहावं यासाठी ती चाल ठेवलेली असते, आणि पेडल वर ओढून धरून ती टिकवणं एवढंच त्या स्प्रिंगचं काम. स्प्रिंग तुटली की पेडल स्वतःच्या वजनानं झुकतं, केबलचा ताण पूर्ण उतरत नाही, आणि बेअरिंग पाकळ्यांना हलकं टेकून राहतं. जे बेअरिंग एरवी गिअर बदलतानाच घटकाभर फिरायचं, ते आता इंजिन चालू असेपर्यंत फिरतं. सातारा ते सांगली शंभरावर किलोमीटर, दोन तासांची वाट. इंजिनचे मिनिटाला अडीच हजार फेरे धरले तर दोन तासांत तीन लाख फेरे होतात. बेअरिंग बिचारं एवढ्या धावपळीसाठी बसवलेलंच नसतं.

पुढं काय होतं ते सांगायला मिस्त्री नको. आधी बारीक घुर्र येते, ती पेडल दाबल्यावर बदलते. झुकलेल्या पेडलचा ताण वाढला तर थाळीचा दाब थोडा कमी होतो, प्लेट चढावर घसरते, इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र जागची ढिम्म. बेअरिंग बदलायचं तर गिअरबॉक्स उतरवावी लागते. गिअरबॉक्स उतरवलीच आहे तर प्लेट, प्रेशरप्लेट, बेअरिंग असा आख्खा सेटच टाका, असं कुणीही सुज्ञ माणूस सांगतो, आणि ते बरोबरही असतं. एका जेवणाच्या थाळीएवढ्या किमतीची स्प्रिंग वेळेवर न बदलल्याचं बिल असं हजारांत येतं.

इथं एक अट घालून ठेवतो, नाहीतर नव्या गाड्यांचे मालक उगाच घाबरतील. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत बेअरिंग पाकळ्यांना कायम टेकलेलंच असतं, ते तसंच बनवलेलं असतं. क्लचही केबलऐवजी तेलावर चालतो. त्यांच्या पेडलला जी स्प्रिंग असते तिचा स्वभाव निराळा. ती अर्ध्या चालीपर्यंत पेडल वर लोटते, आणि अर्धं ओलांडलं की उलट पायाला मदत करते. भिंतीवरचं दिव्याचं बटण मधे थांबत नाही, इकडं तरी पडतं नाहीतर तिकडं, तसंच. ही थकली तर पेडल जड लागतं, कुरकुरतं किंवा मधेच रेंगाळतं. दोन्ही प्रकार पहिल्या प्रकरणात घेतले आहेत, पण जीव माझा पहिल्यात आहे. रस्त्यावर अजून केबलच्या गाड्या ढिगानं आहेत आणि त्यांच्याकडे लक्ष द्यायला कुणाला वेळ नाही.

स्प्रिंग तुटते कशामुळं? कऱ्हाडच्या एका मिस्त्रींनी मला या प्रश्नाचं उत्तर न देता उलट प्रश्न टाकला होता. गाडीचं बॉनेटही न उघडता त्यांनी विचारलं, "गिअर टाकून झाल्यावर डावा पाय कुठं ठेवता सायेब?" मी म्हटलं, पेडलच्या शेजारी. ते म्हणाले, "शेजारी न्हवं. वरच ठेवता तुमी. पॅडलचं रबर बघा की, एका कडेनं गुळगुळीत झालंय." पाहिलं, तर खरंच. त्या दिवसापासून मी दुसऱ्यांच्या गाड्यांत बसलो की आधी पेडलचं रबर बघतो. ही खोड आता जाणार नाही.

आपल्याकडचे रस्तेही पायाला तशी सवय लावणारे आहेत. पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला ट्रकांची रांग लागली की पाऊल पाऊल गाडी सरकवायची. रविवारी वाईहून पाचगणीला निघालं तर पसरणीचा घाट, सप्टेंबरात कासची फुलं बघायला निघालं तर यवतेश्वरचा. कारखान्यांची धुराडी पेटली की कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा या पट्ट्यात उसाच्या डबल ट्रॉल्या सुरू होतात. समोर ऊस हेलकावे खातोय, पलीकडून एसटी येतेय, ओव्हरटेक करायची जागा नाही, आणि आपण हाफ क्लचवर. चार महिन्यांच्या गळीत हंगामात या भागातल्या गाडीचं क्लच पेडल जितकं दाबलं जातं तितकं जतच्या मोकळ्या रस्त्यावर वर्षभरात दाबलं जात नसेल. प्रत्येक दाबाला स्प्रिंग ताणते आणि सैल होते. पोलाद एका ताणानं तुटत नाही, पण लाखभर ताणांनी थकतं. तुटतं तेही बहुतेक वेळा ठरलेल्या जागी, जिथं तार वळवून आकडा केलेला असतो. वेटोळ्यांत ताण वाटला जातो, आकड्याच्या वळणावर तो एकवटतो. तिथं गंजाचा एवढासा खड्डा पडला असेल तर तडा तिथूनच सुरू होतो.

गंजावरून पुराची आठवण निघतेच. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेनं ५७ फुटांची पातळी ओलांडली. गल्लीगल्लीत उभ्या गाड्या बुडाल्या. पुढं कितीतरी गाड्या धुऊन, वाळवून, इंजिन उघडून पुन्हा चालत्या केल्या गेल्या. पण गालिच्याखालचा ओलावा आणि पेडलच्या खिळीत बसलेला नदीचा बारीक गाळ कोण काढणार? तो तिथंच राहिला. पुरात भिजलेल्या जुन्या गाडीची पेडलं मी आजही संशयानंच बघतो. सांगली जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, आटपाडी आणि जतकडे, पाण्याऐवजी धूळ. ती ग्रीसमध्ये मिसळली की ग्रीसचा सँडपेपर होतो, आणि पेडलचा बुश अंडाकृती होईपर्यंत घासला जातो. त्याच भागातले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पांगलेले आहेत. जत्रेला आणि दिवाळीला विटा, खानापूरकडे परराज्यांच्या नंबरप्लेटच्या गाड्या दारोदार दिसतात. दीड-दोन हजार किलोमीटर आलेली गाडी गावात आठ दिवस उभी असते. पेडलखाली बघायला तेवढा निवांतपणा त्यांना पुन्हा वर्षभर मिळत नाही.

सातारा आणि सांगली मी एका दमात बोलतोय याचं कारण घरगुती आहे, पण इतिहासातही त्याला आधार आहे. १९४९ साली सातारा जिल्हा तोडून दक्षिण सातारा नावाचा जिल्हा केला, आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. या दोन जिल्ह्यांच्या मुलखात यंत्राला हात लावायची सवय पोथ्यांतून आलेली नाही, ती शेतावरून आली. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांचं बेळगावचं दुकान १८८८ सालचं आणि सायकलींचं. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. लोखंडी नांगरानं जमीन नासते असं शेतकऱ्यांना वाटायचं, त्यामुळं पहिले नांगर खपायला वेळ लागला, ही गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. इकडं सातारा रोडला धनजीशा कूपर यांच्या कारखान्यातून नांगर आणि ऑइल इंजिनं निघत होती. हेच कूपर १९३७ साली काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान होते. तेव्हाच्या विहिरीवरच्या इंजिनाला बिघाड झाला की शहरातून कुणी येत नसे. बैलगाडीत घालून न्यायलाही ते सोपं नव्हतं. मग शेतकरीच नट सैल करून बघायचा. काही बिघडायचंही त्यात, पण बघायचा.

मला मात्र त्याहून जवळचा दाखला प्रिया स्कूटरचा वाटतो. महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी १९७५ ची, आणि तिचा कारखाना साताऱ्यात. आमच्या गल्लीत त्या काळी तीन प्रिया होत्या. गिअर डाव्या मुठीत, क्लच डाव्या हाताच्या लिव्हरला. क्लचची वायर तुटायचीच. ती कुठं तुटेल याचा नेम नसायचा, म्हणून डिकीत स्पेअर वायर, पक्कड आणि दहा-अकराचा पाना हे प्रत्येकाकडे असायचं. वडील बँकेत होते, हाताला कधी मातीही लागली नाही. पण रस्त्याच्या कडेला स्कूटर कलती करून ते वायर ओवायचे, मी टॉर्च धरायचो, आणि पंधरा मिनिटांत आम्ही पुढं निघायचो. ते काम त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. शेजाऱ्याला करताना पाहिलं होतं, एवढंच. शेजाऱ्यानंही तसंच पाहिलं असणार.

चारचाकी आली आणि ही माणसं एकाएकी अडाणी झाली, हे मला आजवर उलगडलेलं नाही. तीच माणसं, तेच हात, क्लचचं तत्त्वही तेच, केबलसुद्धा तशीच. पण गाडी म्हटलं की गॅरेज. कदाचित किमतीचा धाक असेल. कदाचित बॉनेटखाली सगळं काळ्या प्लास्टिकनं झाकलेलं असतं म्हणून असेल. गॅरेजवाल्यांवर माझा राग नाही. करंगळीएवढ्या स्प्रिंगसाठी अर्धा तास डोकं खाली घालून पडण्याचे पैसे ते मागणार कुणाकडं आणि देणार कोण? त्यांनी गिअरबॉक्सच उतरवावी. ते काम त्यांचं आहे आणि आपल्यापेक्षा ते चांगलं करतात. आमच्या जिल्ह्यांतल्या आयटीआयमधून मोटर मेकॅनिकचा कोर्स करून बाहेर पडलेल्या पोरांच्या हाताला जी नजर असते ती माझ्या हाताला येणार नाही.

मी हे काम पहिल्यांदा केलं तेव्हा ते चुकलंच होतं. माझ्या गाडीचं पेडल वर यायला कुरकुर करत होतं. मी मनाशी ठरवूनच टाकलं की स्प्रिंग गेली. नवी आणली, सीट मागं सारली, उताणा पडून दीड तास झटलो, बसवली. पेडल उसळून वर आलं. मी खूश. तीन आठवड्यांनी पसरणीच्या वळणावर क्लचची केबल तुटली. वाळलेली आणि पिंजलेली ती होती. कुरकुर तिचीच होती. नव्या दमदार स्प्रिंगनं ती नुसती झाकून टाकली होती. केबल सोडवून पेडल नुसत्या हातानं वरखाली केलं असतं, तर पाच मिनिटांत कळलं असतं की पेडल मोकळं आहे आणि अडचण पुढं आहे. म्हणून पहिल्या प्रकरणातली पहिली चार पानं नुसती बघण्याची आहेत. त्यांत कुठल्याच पान्याला हात लावायचा नाही. अधीर वाचक ती पानं उलटून पुढं जातील हे मला ठाऊक आहे. त्यांनी निदान केबल तरी बघावी. आणि गाडी तेलाच्या क्लचची असेल तर ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी बघावी, पेडलच्या मागं बोट फिरवून ओल लागते का ते बघावं. तेलाच्या क्लचचं पेडल खाली बसलं तर दोष बहुधा सिलिंडरचा असतो. तिथं स्प्रिंग बदलणं म्हणजे ताप आलेल्याला नवी टोपी घालणं. ते काम घरी करूही नये.

बसवण्याबद्दल इथं फार लिहीत नाही, ते आत चित्रांसह आहे. पण दोन-तीन गोष्टींची भीती वाटते, त्या सांगतो. ताणलेली स्प्रिंग पकडीतून सुटली तर ती डोळ्याच्याच दिशेनं येते, कारण आपण तिच्याकडेच बघत असतो. चष्मा घाला, साधा वाचायचा चालेल, पण घाला. डॅशबोर्डखाली पिवळ्या आवरणातल्या वायरी किंवा पिवळे कनेक्टर दिसले तर ते एअरबॅगचे आहेत, त्यांना हात लावायचा नाही. आणि जुनी स्प्रिंग काढण्याआधी मोबाईलनं फोटो काढा. कुठला आकडा कुठल्या भोकात होता, आकड्याचं तोंड आत होतं की बाहेर, हे काढल्यावर कुणालाही आठवत नाही. मलाही आठवलं नव्हतं.

नवी स्प्रिंग ताठ असते, हातानं ओढून भोकापर्यंत पोचत नाही. यावर एक जुनी युक्ती आहे. स्प्रिंग एका बाजूला वाकवायची म्हणजे वेटोळ्यांत फट पडते, त्या फटीत वायसर किंवा जुनी नाणी सरकवायची. मग उलट्या बाजूला वाकवून तिकडंही तसंच. दहा-बारा नाणी बसली की स्प्रिंग आपोआप लांबलेली राहते. आरामात अडकवायची आणि मग पेडल दाबून नाणी एकेक करून काढून घ्यायची. आत्याच्या गाडीच्या वेळी रुपयाची नाणी वापरली. अकरा घातली, दहा निघाली. अकरावं अजून गालिच्याखाली कुठंतरी आहे. ते पेडलच्या खिळीत नाही ना, एवढी खात्री मात्र मी करून घेतली. तुम्हीही मोजून घाला, मोजून काढा.

जुगाडाबद्दल मात्र मी कडक आहे. गावाकडं क्लचचं पेडल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं मी पाहिलं आहे. दोन दिवस ते छान चालतं. मग रबर तुटतं आणि त्याचं भेंडोळं शेजारच्या ब्रेक पेडलखाली जाऊन बसतं. थकलेली स्प्रिंग पकडीनं ओढून लांब करणारे आहेत, तिचं एक वेटोळं कापून नवा आकडा वळवणारेही आहेत. कापलेली स्प्रिंग आखूड होते आणि ताठही होते, कारण वेटोळी जितकी कमी तितकी ती कडक. शिवाय घरी वळवलेला आकडा पहिल्याहून लवकर तुटतो. स्प्रिंगचा नियम रॉबर्ट हूकनं १६७८ साली छापला, शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकानंतर चार वर्षांनी: जितका ताण तितकी वाढ. तो नियम सोपा आहे. फसवतो तो दुसरा हिशेब. तारेची जाडी जरा वाढली तर स्प्रिंगचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. दोन मिलिमीटरच्या तारेऐवजी २.२ मिलिमीटरची तार घेतली, डोळ्याला तो फरक दिसतही नाही, तरी स्प्रिंग जवळजवळ दीडपट कडक होते. काउंटरवर हात टेकून "हीच बसते सगळ्यांना" असं म्हणणाऱ्या माणसाला हे सांगून उपयोग नसतो. पण आपल्याला ते ठाऊक असलेलं बरं. फार कडक स्प्रिंग लावली तर पेडल जड होतं, आणि ज्या कानावर ती अडकते तो कान वाकतो.

पुस्तिकेतली मापं आणि चित्रं मी स्वतः उघडलेल्या गाड्यांची आहेत. त्या सगळ्या एमएच १०, एमएच ११ आणि एमएच ५० मधल्या, म्हणजे नातलगांच्या आणि मित्रांच्या. तुमच्या गाडीतली रचना वेगळी दिसली तर गाडीच्या पुस्तकाचं ऐका, माझं नको. ज्यांनी मला आपल्या गाड्यांखाली डोकं घालू दिलं त्यांचे आभार. आत्यानं प्रस्तावनेचा कच्चा खर्डा वाचून एकच दुरुस्ती सुचवली: ती सत्तरीची नाही, अडुसष्ट वर्षांची आहे. दुरुस्ती मी इथं नोंदवतो, वर खोडत नाही.

काम झाल्यावर इंजिन बंद ठेवून पेडल वीसेक वेळा हातानं दाबून सोडा. मोकळी चाल बोटानं मोजा. मग इंजिन सुरू करून रिव्हर्स टाका. तो न करकरता पडला पाहिजे. आणि पाय उचलला की टक् वाजलं पाहिजे. एवढं जमलं तर दुसऱ्या प्रकरणाकडं वळायला हरकत नाही.

नवी स्प्रिंग आणायला जाल तेव्हा जुनी, तुटलेली का असेना, खिशात घेऊन जा. गाडीचं नाव आणि साल सांगून थांबू नका. दोन्ही स्प्रिंगा काउंटरवर शेजारी ठेवा, वेटोळी मोजा, आकड्यांची तोंडं जुळवा, तार चिमटीत धरून बघा. दुकानदार घाई करेल. करू द्या.